पहिला मासा पाण्याचा

४ मार्च
रजा मंजूर. महिनाअखेरपर्यंत. "आराम कर, मग काय ते कळव," साहेब म्हणाले. कळवायचं काय? राजीनामा! मनात तो कधीच देऊन झालाय.

इतकी वर्षं कानाला हेडफोन लावून लोकांची संकटं ऐकली. आग, अपघात, छातीत कळ. गाडी पाठवायची, फोन ठेवायचा, पुढचा घ्यायचा. पुढे काय झालं ते आपल्याला कधी कळत नाही. चालायचंच, म्हणत आलो. पण त्या आजोबांचा फोन डोक्यातून जात नाही. "बायको पडलीय, उठत नाहीये." मी सांगेन तसे ते तिची छाती दाबत होते, मोठ्यानं मोजत होते. आणि मध्येच लाइन कट!

५ मार्च
झोप नाही.

८ मार्च
मेव्हणा दोन गळ घेऊन दारात हजर. "दाजी, चला तळ्यावर."
"मला नाही बाबा मासे धरता येत."
"धरतंय कोण? बसायला चला."
हिनंच बोलावलं असणार. "जा हो," म्हणाली, "इथे भिंतीकडे बघत बसता, तिथे पाण्याकडे बघा." गेलो. डासांनी फोडून काढलं. वैताग नुसता.

११ मार्च
आज पुरतं हसं झालं! मेव्हण्यानं काठीच्या टोकाला घुंगरू बांधलं होतं. मासा लागला की वाजतं. मी बसल्या बसल्या पेंगत होतो. घुंगरू वाजलं आणि मी दचकून खणखणीत आवाजात म्हणालो, "नमस्कार, मदत केंद्र! कुठून बोलताय?"
"पाण्यातून!" मेव्हणा ओरडला. पलीकडे बसलेला टोपीवाला म्हातारा पोट धरधरून हसला. मासा गेला पळून. मीही हसलो, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग ते पाणी थांबेचना. मेव्हण्यानं पाहून न पाहिल्यासारखं केलं. भला माणूस आहे.

१२ मार्च
आज एकटाच गेलो. हिनं चहाचा थर्मास तेवढा भरून दिला.

१६ मार्च
मिळाला! तळहाताएवढा. मेव्हण्याचा शिरस्ता असा, की पहिला मासा पाण्याचा. "आधी हात ओले करा दाजी, कोरड्या हातानं त्याची कातडी सोलवटते." हात ओले केले, गळ काढला, सोडला. क्षणभर तिथेच थांबला, मग दिसेनासा झाला.
"जगेल ना रे?"
"काय माहीत! जगेल की." आणि लागला पुढचं गांडूळ लावायला. मला असा राग आला त्याचा! काय माहीत म्हणून मोकळं कसं होता येतं माणसाला?

२१ मार्च
शेजारच्या टेबलावरच्या ताईंचा ऑफिसातून फोन. "त्या आजोबांचं काय झालं ते कळलंय मला. सांगू?"
"आजोबांचं काही सांगू नका," म्हणालो. घाईघाईनं ठेवूनच दिला. जेवताना हिनं विचारलं, "कोण आजोबा?" कोणी नाही, म्हटलं.

२३ मार्च
दिवसभर तळ्यावर. मासा नाही. पण घरी येऊन अंथरुणावर पडलो तो थेट सकाळीच जाग आली.

२६ मार्च
आज हीसुद्धा आली. चपला काढून पाण्यात पाय सोडून बसली. पाण्याकडे बघत तिला सगळं सांगून टाकलं. लाइन तुटल्यावर परत परत फोन लावला, ते उचलेनात. मग दुसऱ्या कुणाचा तरी फोन घ्यावा लागला — तेही सांगितलं. मधेच घुंगरू वाजलं, दोघंही उठलो नाही.
मग ही म्हणाली, "विचारून टाका हो एकदा. असेल ते असेल."

२८ मार्च
ताईंना फोन केला. आजी गेल्या. गाडी पोचायच्या आधीच.
ताई म्हणाल्या, "अरे, मला कसं कळलं ते तर ऐक. आजोबांनी स्वतः फोन केला होता. म्हणाले, 'तो पोरगा मला धीर देत होता, पण त्याचाच आवाज कापत होता. बरा आहे का तो?' काय कळवू त्यांना?"
बरा आहे म्हणावं. सोमवारपासून कामावर आहे.