फिकी पडलेली कूर्चा

३ फेब्रुवारी

पुन्हा फिकी! निरोगी कूर्चा, म्हणजे सांध्यातली मऊ गादी, लाल रंग धरते, झिजलेली धरत नाही. आजच्या कूर्चेच्या सगळ्या चकत्या धुतल्या तांदळासारख्या. आमचं औषध घातलेल्या आणि न घातलेल्या — फरक शून्य.

नुसत्या पेशींवर हेच औषध कसं गुणी बाळासारखं वागत होतं. कूर्चा खाणारं एन्झाइम गप्प बसायचं. पण शेजारी सुजलेल्या सांध्याचं अस्तर ठेवलं, की सगळं मुसळ केरात. एक दार बंद केलं तर सूज खिडकीतून शिरते.

५ फेब्रुवारी

काही नाही. दिवसभर काचेच्या बशा धुतल्या.

८ फेब्रुवारी

सरांनी बोलावलं. प्रयोगशाळा त्यांची, माणूस वाईट नाही. चष्मा पुसत म्हणाले, "तू जीव ओतलास. पण नाही लागत म्हणजे नाही लागत. मार्चअखेर थांबवू या."

मान हलवली. बाहेर येऊन जिन्यात बसले. सफाईवाल्या मावशी म्हणाल्या, "उठा बाई, ओलं आहे." उठले. ओली झालेच होते.

११ फेब्रुवारी

ताईकडे गेले. तिची बोटं संधिवाताने एकाच बाजूला झुकलीत, वाऱ्यातल्या गवतासारखी. शाळेत भूमिती शिकवायची ही. फळ्यावर नुसत्या हाताने वर्तुळ काढायची आणि मुलं टाळ्या वाजवायची. आज चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून प्यायली. गुडघेही सुजलेत — गेल्या खेपेला नव्हते.

"तुझं औषध कुठवर आलं गं?"

"चाललंय," म्हटलं.

निघताना भाऊजी फाटकापर्यंत आले. हळूच म्हणाले, "तिने डॉक्टरांची आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी सोडलीय. बरेच महिने झाले. पेपरात या औषधाच्या बातमीत तुझा फोटो आला ना, तेव्हापासून."

"का पण?"

"त्या गोळीने दोन-दोन दिवस मळमळायचं तिला. म्हणते, धाकटीचं येतंय, तोवर थांबते."

फाटक उघडं टाकूनच निघाले.

१२ फेब्रुवारी

मी इथे औषध शोधत होते. ती तिथे औषधाविना झिजत होती — माझ्या भरवशावर.

१५ फेब्रुवारी

सांगून टाकलं. ताई खिडकीशी बसली होती, गुडघ्यांवर गरम पाण्याची पिशवी.

"ताई, आमचं औषध लागू पडत नाही. काम बंद होतंय. तू तुझी गोळी सुरू कर."

तिने गुडघ्यांवरची पिशवी नीट केली. म्हणाली, "शाळेतल्या सगळ्यांना सांगितलं होतं गं मी."

मी हात धरायला गेले. तिने काढून घेतला. दुखला असेल, किंवा नसेलही.

"तू जा आता."

१९ फेब्रुवारी

फोन उचलत नाही.

२३ फेब्रुवारी

उरलेल्या चकत्या टाकून दिल्या. सर म्हणाले, "दुसरा विषय घे, हाडांवरचा." हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. जगाचे गुडघे वाचवायला निघाले होते. घरचे दोन सांभाळता आले नाहीत. सकाळी उठून तिथे जायचं कशासाठी, तेच कळेनासं झालंय. पांढरा कोट खुंटीवर आहे. राहू दे.

२ मार्च

भाऊजी घरी आले. मी सांगून आले त्याच आठवड्यात ताई एकटी रिक्षाने डॉक्टरांकडे गेली होती. "बहिणीचं काही येत नाही, तुमचंच द्या," म्हणाली. मळमळ होते म्हणून त्यांनी गोळीऐवजी त्याच औषधाचं इंजेक्शन दिलं. बोटं सरळ होणार नाहीत. गुडघे वाचतील. अजून थोडं थांबली असती तर तेही गेले असते, असं डॉक्टर म्हणाले.

प्रयोग जरासा जरी लागला असता, तर मी तिला "थांब" म्हटलं असतं. आणि ती थांबली असती.