डोक्यावर केस उरला नाही, तरी तोंड उघडेना

ती. वन्संना,

वाकून नमस्कार. (कंबर वाकत नाही, तेव्हा कागदावरच घ्या.) तुमचा गुडघा कसा आहे? मागच्या खेपेला तुम्ही त्याच्यावर दोन पानं भरली होतीत, म्हणजे निदान हात तरी ठणठणीत आहे. मी तिसरीपर्यंतच शाळा पाहिली, अक्षर लावून वाचा आणि हसू नका.

तर आमच्या सलूनची चाललेली विटंबना कळवते. बारावीची परीक्षा आटपल्यापासून नात गल्ल्यावर बसते, मुलगा केस कापतो, मी कोपऱ्यात टॉवेलांच्या घड्या घालते. सगळं बरं चाललं होतं. तेवढ्यात तो उगवला. इस्त्रीवाल्याचा मुलगा, नातीच्याच वयाचा, दुसऱ्या शाळेतला, अंगापेक्षा कान मोठे. केस कापून गेला. चार दिवसांत पुन्हा हजर! पुन्हा चार दिवसांनी, पुन्हा! आणि माझा मुलगा (तुमचा लाडका भाचा, कामात वाघ, बाकी सगळ्यात बैल) मुकाट्यानं कात्री चालवतोय. गिऱ्हाईक म्हणतंय काप, की हा कापणार. त्या पोराचे केस आधी आखूड झाले, मग बारीक, मग मशीन फिरलं, आणि शेवटी वस्तरा. कापायला काही उरलं नाही, तर म्हणतो कसा, "काका, दाढी करा." दाढी! हनुवटीवर चार केस, तेही माझ्याकडे बघून थरथरत होते.

आणि हा सगळा खटाटोप कशासाठी? तर जाताना गल्ल्यासमोर उभं राहून "सुट्टे आहेत का?" एवढं विचारायला. आमची बाईसाहेब मान खाली घालून म्हणणार, "आहेत." झालं! सुट्टीभर या दोघांचं प्रेम एवढ्यावरच चाललंय. इकडे आमची अब्रू चालली त्याचं काय? समोरचा चहावाला मला विचारतो, "आजी, मुलाचा हात आवरत नाही का हल्ली?" दारातून असा सोललेला पोरगा बाहेर पडताना बघून बायका आपापली मुलं पलीकडच्या दुकानात न्यायला लागल्या.

तेही मी गिळलं असतं. पण परवा जेवताना नात म्हणाली, तुमच्या गावचं कॉलेज नको, इथलंच बरं. अहो, तिथं जागा मिळावी म्हणून वर्षभर घरात कुणाला मोठ्यानं खोकू दिलं नाही तिनं! आणि नक्की करायची मुदत दुसऱ्याच दिवशी संपणार. का नको, विचारलं, तर म्हणते, "आजी, तुझे टॉवेल कोण बघणार?" माझे टॉवेल! जन्मात एक पिळला नाही कार्टीनं. मी काय ते ओळखलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो टकल्या खुर्चीत बसून मुलाला सांगतोय, "काका, मी इथलं कॉलेज सोडलं. तिकडे नाव घातलंय." तिकडे म्हणजे तुमच्याच गावी! ही तिकडे जाणार असं त्यानं कुठूनसं ऐकलं म्हणून तो तिकडे निघाला, आणि तो इथं म्हणून ही इथं थांबली. एकमेकांना तोंडानं विचारायचं मात्र दोघांपैकी एकाला सुचलं नाही.

वन्सं, माझं डोकंच फिरलं. ओला टॉवेल आपटला आणि भरल्या दुकानात ओरडले, "अगं ए, हा तिकडे चाललाय! आणि अरे ए टकल्या, ही तुझ्यासाठी इथं सडतेय! आता तरी बोला!"

तुमच्या भाच्याचा वस्तरा हवेतच राहिला. म्हणाला, "म्हणजे हा केसांसाठी येत नव्हता?"

पोरगा गळ्यातल्या कापडासकट उठला, गालाला फेस तसाच, गल्ल्यापाशी गेला आणि म्हणाला, "सुट्टे..." पुढे गाडी सरकेना. तेव्हा नातीनं पहिल्यांदा मान वर केली, "मी कॉलेजला चाललेय," म्हणाली, आणि तशीच चपला घालून जागा नक्की करायला गेली.

तर सोमवारी ती तुमच्याकडे येतेय. अभ्यासाला बसवा, लाड करू नका. तो इस्त्रीवाल्याचा दिवटा तिथं दिसलाच, तर दारात उभा करू नका.

तुमची भावजय

ता. क. : तुमची जिन्याखालची खोली रिकामीच आहे ना? एक मुलगा आहे. शांत आहे (किती, ते वर लिहिलंच आहे). इस्त्री उत्तम करतो, तुमच्या पातळांची सोय होईल. बाहेर कुठं भटकण्यापेक्षा तुमच्या डोळ्यासमोर असलेला बरा.

आणखी एक : तुमच्या कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याला सांगून ठेवा, हा आला तर खुर्चीत बसू द्यायचं नाही. केस वाढू देत मेल्याचे. होते तेव्हा बरे होते, पण तेव्हा ते बघायला पोरीनं मान कुठं वर केली होती?