दुसरं कडवं

सिस्टर,

गेल्या आठवड्यात तुमच्या इतिहासाच्या तासातला प्रश्न माझ्या नातीने मला विचारला. इथे आखातात, रोल्लातल्या आमच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर शाळेचा प्रोजेक्ट पसरून: रेनेसाँसच्या माणसांना हजार-दोन हजार वर्षांपूर्वीचे ग्रीक आणि रोमन का हवेसे वाटले? तुमचं उत्तर मला अजून तोंडपाठ आहे. माणसाने कसं जगावं, राज्य कसं चालवावं, देह सुंदर का मानावा, याची त्यांना जवळ मिळणारी उत्तरं पुरेनात. आणि जुन्या रोमचे खांब तर त्यांच्या अंगणातच पडलेले. लोक त्या संगमरवराचा चुना भाजत होते. काही पोथ्या मठांनी जपल्या, काहींची कातड्याची पानं खरवडून त्यांवर प्रार्थना लिहिल्या. हे सांगताना तुम्ही, स्वतः मठातल्या, लालबुंद व्हायचात. कित्येक ग्रीक ग्रंथ अरबीतून युरोपात परतले, हे मात्र तुम्ही गाळलंत. ते मला इथे येऊन कळलं.

मी नातीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बट ग्रॅनी, दे हॅड ग्रॅनीज, नो? व्हाय आस्क डेड पीपल?"

"आज्यांना आठवत नव्हतं म्हणून," मी म्हटलं.

"यू रिमेंबर समथिंग ओल्ड? सिंग. आय विल पुट इट इन माय प्रोजेक्ट."

मी गायले. लग्नाच्या आदल्या दिवशी मांडवात नवरीला न्हाऊ घालताना आमच्या वसईच्या बायका म्हणायच्या, ते. पहिलं कडवं झालं. "अँड देन?" ती पेन्सिल धरून बसलेली. पुढे काहीच येईना. मुलगा सोफ्यावरून म्हणाला, "मम्मी, लीव्ह इट ना." मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पण त्याचा काय दोष? त्याच्याशी घरात मराठी बोलायचं नाही, हा नियम माझा, आणि मला तो तुम्ही शिकवलात. शाळेत मराठी शब्द तोंडातून निसटला की गळ्यात लाकडी पाटी, संध्याकाळपर्यंत. मी पाचवीत आठवडाभर ती घालून फिरले, आणि ज्या दिवशी ती उतरली त्या दिवशी आईला म्हटलं, माझ्याशी असं गावठी बोलू नकोस.

आणि तुम्ही? एका दुपारी मी कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरात निरोप घेऊन येते. तुम्ही पाठमोऱ्या, बोंबील साफ करताय, आणि हेच गाणं गुणगुणताय. पहिलं कडवं, मग दुसरं, न अडखळता. मी दिसताच तुम्ही थांबता आणि म्हणता, "येस, चाइल्ड?" तुम्ही आमच्याच होतात, सिस्टर. पाटी मग कोणासाठी होती?

मी इथे आल्यावर आईने मांडवाची सगळी गाणी एका टेपवर भरून पाठवली. तेव्हा फोन महाग, जेमतेम दोन मिनिटांचा, म्हणून घरोघरचे आवाज असेच कुणाच्या तरी बॅगेतून यायचे. पुढे मुलाची इंग्रजी वक्तृत्वाची स्पर्धा आली. तालीम टेप करायची होती आणि घरात कोरी कॅसेट नव्हती. शुक्रवार होता, नमाजनंतर चार वाजता दुकानं उघडली असती. मी थांबले नाही. आई काय, पुन्हा भरून पाठवेल, म्हटलं. त्याच पावसाळ्यात ती गेली.

काल ती टेप घेऊन गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याकडे गेले. "माताजी, ये कॅसेट और आप, दोनों ओरिजिनल!" तो हसला. मशीन लागलं. मुलाचा चिरका आवाज, टाळ्या, त्या माझ्याच. मग खर्र झालं आणि आई बोलली: "बास गं, भात लागला वाटतं." खट्. "खलास," तो म्हणाला. मी त्याला पुन्हा लावायला लावलं, तीनदा. गाणं कुठेच नव्हतं.

माझ्या माहितीत दुसरं कडवं येणारं आता कुणी उरलेलं नाही. शेवटचं माणूस तुम्ही, आणि तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली. ते चुना भाजणारे अडाणी होते. मी तर कॉन्व्हेंटमध्ये शिकले.

घरी सगळ्यांना सांगितलंय, टेप इथल्या उन्हाने खराब झाली. हे लिहीत असताना नात आत आली, तेव्हा मी पटकन कागदावर हात ठेवला. तिला मराठी वाचताच येत नाही, हे मागाहून आठवलं.