नाबूआच्या गळ्यातला दगड

आईस बानितुचा नमस्कार. मुल्लिस्सू देवी तुला सुखात ठेवो.

खोट्या ताइतानं मूल वाचतं का? एवढं शिकूनही मला सांगता येत नाही.

घाबरू नकोस. इथे कल्हू शहरात ताई ठणठणीत आहे, दूधही भरपूर आहे. फक्त तिच्या तान्ह्या नाबूआचं अंग परवापासून तापतंय. तान्ही मुलं नेणाऱ्या लमश्तू राक्षसिणीच्या भीतीनं तिनं त्याच्या गळ्यात बाजारातला कोरीव दगड बांधलाय. काल म्हणाली, "घरात शिकलेली तूच. वाच बघू वरचा मंत्र."

आई, ती अक्षरंच नव्हती. नुसत्या रेघा.

"वाच की गं, राणीसाहेबांची लेखनिक ना तू?"

मी मला पाठ असलेला मंत्र म्हटला. ताई निश्चिंत झाली. मी मात्र दाराशी कुत्रं भुंकलं तरी उठून नाबूआचा श्वास बघते.

तुझा गुडघा कसा आहे? तेल लावतेस ना?

लमश्तू फक्त पझूझू राक्षसाला भिते, असं तूच सांगायचीस. मला दिवस गेल्याचं कळताच तू त्याचं पितळी डोकं ताईत म्हणून पाठवलंस. तू रागावशील, आणि पोटातल्या जिवासाठी मलाही भीती वाटते. पण आज सकाळी ते माझ्या गळ्यातून काढून मी नाबूआच्या गळ्यात घातलं.