मागचाच आकडा

सर, तुम्ही जाऊन सहा वर्षं झाली. अमरावतीच्या कॉलेजची ती लॅब मला अजून दिसते. हीटरवर पाणी तापतंय, दर पाच मिनिटांनी तापमान लिहायचं आहे, आणि मी खिडकीजवळच्या टेबलावर बसलेल्या तिच्याकडे बघत आकडे अंदाजाने भरतोय. तुम्ही मागे येऊन उभे राहिलात. “अबे, लाइन जाऊन अर्धा तास झाला, अन् तुयं पाणी अजून गरमच होऊन राह्यलं काय?” सगळे हसले, तीसुद्धा. मी जर्नल फाडलं आणि निघालो, तो कॉलेजात परत आलोच नाही. आठवड्याने तुम्ही तेच जर्नल चिकटपट्टी लावून घरी पाठवलंत. आत एक ओळ होती: पाहिलं नसेल, तर जागा रिकामी ठेव.

आता मी अकोल्याला आहे. एमआयडीसीतल्या एका डाळमिलमध्ये ड्रायरचं तापमान नोंदवणारा प्रोग्राम मीच लिहिला. त्यात कॉलबॅक असतात. म्हणजे नोंदणी आपली चालू राहते; रीडिंग आलं की एक फंक्शन आपोआप बोलावलं जातं, हुकलं की दुसरं. त्या दुसऱ्याने भोंगा वाजवायला हवा. ते लिहीत होतो तेव्हाच तिचा फोन आला, लग्न ठरलं म्हणून. मी “बरं झालं” म्हणालो आणि एक ओळ टाकून मोकळा झालो: रीडिंग हुकलं, तर मागचाच आकडा पुन्हा लिही.

मागच्या मंगळवारी सेन्सरची वायर सुटली. स्क्रीनवर दुपारभर बासष्ट. त्या आकड्यावरच ड्रायरवाले चाचा आच कमी-जास्त करतात. आत तूर करपली. मालक ओरडले, “झोपला होता काय रे?” चाचा म्हणाले, “बासष्टच होतं ना साहेब, मी तेच तर पाहून राह्यलो होतो.” मी तिथेच उभा होतो. पूर्वी एवढ्यावर टेबल उलथवलं असतं. काहीच वाटलं नाही. चाचांना घरी बसवलं. त्याच संध्याकाळी मी ती ओळ बदलली. आता जागा रिकामी राहते, भोंगा वाजतो. मालक म्हणाले, पोरगं हुशार आहे.

काल चाचांकडे गेलो होतो, सांगायलाच. तर तेच मला समजावत बसले, “दिल छोटा नको करू बेटा. वायर सुटली, त्याले तू काय करशील?” चहा पिऊन परत आलो.

हा कागद मालकांना लिहायला घेतला होता, सर. तुम्हाला लिहिणं सोपं पडलं.