कृपया पुनः चेष्टा करें

३ मार्च, सोमवार
प्रेम नगर ते कारखाना, आपल्या स्टाफ बसमध्ये आजपासून वायफाय. झाशीत दुसऱ्या कोणाच्या बसमध्ये असेल असं वाटत नाही. एक एप्रिलपासूनचं काँट्रॅक्ट महिनाअखेर ठरणार. ठरवणार कारखान्याच्या स्वाती मॅडम, दोन महिन्यांपूर्वी नाशिकहून बदलून आलेल्या, आणि त्या रोज आपल्याच बसने जातात. मग राहिलं काय?
घर या एका बसवर चालतं, पण काळजी नाही. दुसऱ्यांच्या बस धुण्यापासून सुरुवात केली, आज स्वतःची चालवतो. आवाज ऐकून इंजिनाचा बिघाड सांगतो. प्रवाशांचंही तसंच. कान उघडे ठेवायचे, बस.

४ मार्च
रेल्वे फाटकाशी इंजिन बंद केलं की वायफायचा डबा बंद. सुरू केलं की बेचाळीस जणांनी पुन्हा नंबर टाका, ओटीपी मागवा. तिथे मोबाइलला रेंज नाही, म्हणून ओटीपी पोहोचतो कारखान्याच्या गेटवर. मागून तिवारीजी म्हणाले, भैया, नेट चल रहा है कि सिर्फ बस? लोक विषयात रस घेतायत.

६ मार्च
डब्याच्या कंपनीतला सुजित पुण्याहून फोनवर म्हणाला, काका, ऑटो लॉगिन लावतो. एकदा ओळख पटली की तो फोन पुढच्या वेळी आपोआप आत. ज्याचं जमलं नाही त्याला स्क्रीनवर काय दाखवू? मी शुद्ध हिंदीत सांगितलं: कृपया पुनः चेष्टा करें. मी नापास झालो की आमचे मास्तर प्रगतिपुस्तकावर हेच लिहायचे. वाक्याला वजन आहे.

१० मार्च
ऑटो लॉगिन लागलं. आपोआप आत एकही फोन गेला नाही. सुजित म्हणतो, हल्लीचे फोन प्रायव्हसीसाठी रोज वेगळं नाव सांगतात. पाहुणा रोज नवं नाव सांगू लागला तर त्याला चहा कोण देईल? उद्या बस निघण्याआधी उभा राहून सगळ्यांना ते सेटिंग बंद करायला सांगणार. मी सांगितलं की लोक ऐकतात.

११ मार्च
सांगितलं. शर्मा मॅडम म्हणाल्या, दामोदर भैया, अब हमारी प्राइवेसी भी आप ही देखेंगे? सगळे हसले. वातावरण अगदी घरगुती. सतरा जणांनी बंद केलं.
स्वाती मॅडमनी केलं नाही. उतरताना फोन माझ्यापुढे धरून मराठीत म्हणाल्या, दामोदरजी, मी तुमची चेष्टा केली कधी? आणि वर पुनः? मी म्हटलं, मॅडम, करत राहा, लाजू नका, दिवसातून दहादा करा. एक दिवस नक्की जमेल. फोन पर्समध्ये टाकून भराभर उतरल्या. मराठी माणसाला मराठी माणूसच समजतो.

तोच दिवस, संध्याकाळ
अलकनंदेला हे सांगितलं. ती माहेरची साताऱ्याची. पोळी लाटता लाटता थांबली. म्हणाली, अहो, चेष्टा म्हणजे टिंगल. मी म्हटलं, आमच्या तीन पिढ्या झाशीत गेल्या. आमच्यात टिंगलीला थट्टा म्हणतात, आणि चेष्टा म्हणजे प्रयत्न. ती म्हणाली, हो, पण मॅडम नाशिकच्या.

१२ मार्च
मॅडमची माफी मागितली. कानात हेडफोन होते. इतक्या शांत बसल्या म्हणजे राग नसावा. सुजितला वाक्य बदलायला सांगितलं. होळीनंतर बघतो म्हणाला.

१९ मार्च
डबा थेट बसच्या बॅटरीवर जोडला होता, म्हणजे फाटकाशी बंद पडायला नको. पडला नाही. रात्रभर चालू राहिला आणि सकाळी बसच सुरू होईना. सतरा जणांनी उतरून धक्का दिला. बहुधा तेच सतरा, कारण डब्याला किती फोन जोडलेत तो माझ्या मोबाइलवरचा आकडा सतराच होता, आणि धक्का देतानाही एकाचं कनेक्शन तुटलं नाही. याला यशच म्हणायचं. मॅडम रिक्षाने गेल्या. त्यांना वेळेचं महत्त्व आहे, चांगलं आहे.
डब्याला आता वेगळी बॅटरी.

२८ मार्च, शुक्रवार
ऑफिसचं पत्र आलं. इस वर्ष आपका प्रस्ताव स्वीकार नहीं हो सका। अगले वर्ष कृपया पुनः चेष्टा करें। खाली स्वाती मॅडमची सही.
सहा वेळा वाचलं. शेवटचं वाक्य हिंदीत आहे की मराठीत, ते कळत नाही. अलकनंदेला विचारायचं धाडस झालं नाही.

१ एप्रिल, सकाळी ८.१०
नवी बस घरावरून गेली. आपली दारात उभी. डबा काढायचा राहूनच गेला होता. रस्त्यात गाय बसलेली, म्हणून नवी बस आपल्या बसला खेटून थांबली. खिडकीतून तिवारीजींनी हात केला. माझ्या मोबाइलवर आकडा चढत गेला. चार, नऊ, पंधरा, सतरा. सगळे आपोआप. कोणालाही पुनः चेष्टा करावी लागली नाही.
मग गाय उठली.