विहिरीपर्यंत आवाज न आलेल्या मास्तरांबाबत

प्रति,
मेहेरबान डेप्युटी एज्युकेशनल इन्स्पेक्टर साहेब,
प्राथमिक शाळा, पश्चिम खानदेश,
मुक्काम धुळे.

अर्जदार : लोटन दगा पाटील, वय वर्षे ३८, धंदा शेती, राहणार मौजे निंबखेडे, तालुका नंदुरबार.

विषय : रतिलाल मास्तरांविरुद्ध दिलेली साक्ष परत घेणेबाबत व त्यांस आमच्या शाळेवर पुन्हा नेमणेबाबत.

संदर्भ : समस्त गावकऱ्यांचा अर्ज, तारीख ८ मार्च १९३७. सह्या व अंगठे मिळून एकतीस.

महोदय,

अर्जदार खाली लिहितो ते खरे आहे. मागील अर्जातही मी तसेच लिहिले होते, याची मला जाणीव आहे.

१. आमच्या गावात मास्तरांची परीक्षा पाढ्यांच्या आवाजावरून करण्याची वहिवाट आहे. पारावर बसलेल्यांना पाढे ऐकू आले म्हणजे मास्तर चांगले. रनाळ्याच्या वाटेवर ऐकू आले म्हणजे फारच चांगले. पालकांकडे याहून दुसरे माप नाही, कारण बहुतेकांना वाचता येत नाही आणि ज्या तिघाचौघांना येते त्यांना शेतातून सवड होत नाही. मी मराठी तिसरी पास आहे.

२. रतिलाल मास्तर आल्यापासून शाळेतून आवाज येईनासा झाला. झिपरू पाटील पारावर म्हणाले, "मास्तर मुक्का शे का? शाळामाईन आवाजच येस नही." माझी विहीर शाळेच्या मागे एकशेवीस पावलांवर असल्याने गावाने ऐकण्याचे काम माझ्यावर सोपविले. मी गव्हाला पाणी देताना मोट हाकीत आठ दिवस कान दिला. एकही पाढा ऐकू आला नाही. तसे मी लिहून दिले. मोटेचे चाक करकरते, हे त्यात लिहिण्याचे राहिले.

३. साहेब मजकुरांनी आमचे म्हणणे मान्य करून जूनमध्ये रतिलाल मास्तरांची बदली तळोद्याकडे डोंगरपायथ्याच्या शाळेवर केली व नवलसिंग मास्तरांस आमच्याकडे पाठविले. त्यांच्याविरुद्ध माझी काडीमात्र तक्रार नाही. त्यांचा गळा उत्तम आहे. पाढे विहिरीवर येतात, चिंचेपर्यंत जातात आणि वारा असला तर नाल्यापलीकडेही जातात. माझे बैल आता 'तीन दाहे तीस' झाले की आपोआप थांबतात, पुढचा पाढा सुरू झाल्याशिवाय पाऊल उचलत नाहीत. गाव समाधानी आहे.

४. माझी मुलगी धनु, वय वर्षे दहा. तिसऱ्या वर्षी ताप येऊन तिचे कान गेले, तेव्हापासून बोलणेही गेले. बायको कौसाबाई निंदणीला जात असल्याने पोर कोठे तरी बसावी एवढ्याचसाठी मी तिला शाळेत घातले होते. ती शिकत असेल असे माझ्या मनातही आले नाही. नवलसिंग मास्तरांनी जुलैत तिला घरी आणून सोडले व मला स्पष्ट सांगितले, "पाटील, हिला शिकवायचे तर मला गप्प राहून पाटीवर शिकवावे लागेल. गप्प राहिलो तर तुम्ही अर्ज कराल." रतिलाल मास्तर तेच करीत होते, हे मला नवलसिंग मास्तरांकडूनच कळले. एकटी धनु मागे पडू नये म्हणून ते सगळ्या वर्गाला तोंड मिटून पाटीवर पाढे लिहावयास लावीत व पाट्या वर धरवीत. म्हणून आवाज येत नव्हता. शाळा माझ्याच मुलीसाठी गप्प होती आणि ती गप्प आहे म्हणून अर्जावर पहिली सही माझी आहे.

५. पोळ्याला बैलांना लावून उरलेल्या गेरूने धनुने गोठ्याच्या भिंतीवर लिहिले : मास्तर कधी येतील. मी ते दोनदा वाचले. माझ्या मुलीने मला सात वर्षांत प्रथमच काही विचारले होते. मी त्याच गेरूने खाली लिहिले : दिवाळीनंतर. मला दुसरे काही सुचले नाही. दिवाळी झाल्यावर तिने त्याखाली लिहिले : दिवाळी झाली. ते अजून तसेच आहे. बायको म्हणते, "सही तुम्हीन करी. आते तिले बी तुम्हीनच लिखी दखाडा." ते माझ्याने झालेले नाही. साहेबांस अर्ज लिहिता येतो, भिंतीवर तेवढे लिहिता येत नाही. भिंत सोबत जोडता येत नसल्याने खात्याच्या माणसाने येऊन ती पाहावी.

६. मास्तर चांगले की वाईट हे पालकांनी कशावरून ओळखावे, याबद्दल खात्याचा काही नियम असल्यास तो कळावा. मला एवढेच कळले की मी विहिरीवर आठ दिवस कान देऊन उभा राहिलो, आणि एकशेवीस पावले चालून एकदाही शाळेच्या दारात गेलो नाही. आत जाऊन पाट्या पाहिल्या असत्या तर वाचता आल्या असत्या. याचे मला वाईट वाटते. फार वाटावयास पाहिजे होते, पण दिवसभर काम असते.

७. तरी विनंती की, (अ) माझी साक्ष रद्द धरावी. बाकीच्या तिसांना मी विचारले, ते आपली सही मागे घेत नाहीत. (ब) रतिलाल मास्तरांस परत पाठवावे. (क) ते न जमल्यास धनुला त्यांच्या शाळेत घालण्याची परवानगी मिळावी, मी तिला गाडीने नेऊन पोहोचवीन व तेथे कोणी ठेवून घेईल असे घर शोधीन. (ड) शाळेतून आवाज येत नाही असा अर्ज तिकडच्या गावाहूनही आल्यास तो कृपा करून फाडून टाकावा.

८. रतिलाल मास्तरांच्या कामाचा पुरावा म्हणून हा अर्ज माझ्या कच्च्या कागदावरून धनुकडून नकलून घेत आहे. अक्षर पाहावे.

येणेप्रमाणे अर्ज पुरा. उत्तराची वाट पाहणारा,

लोटन दगा पाटील
मौजे निंबखेडे, तारीख २४ जानेवारी १९३८

सोबत : पाटी एक, धनुची. दोन्ही बाजू लिहिलेल्या आहेत, पुसू नये.

ताजा कलम (स्वहस्ते) : कलम ४ च्या शेवटी शाईचा डाग आहे. 'पहिली सही माझी आहे' एवढे उतरवून झाल्यावर धनुने टाक खाली ठेवला व माझ्याकडे पाहिले. मी खाली पाहिले. मग तिने टाक उचलून पुढचा सगळा अर्ज लिहिला. अक्षर शेवटपर्यंत सारखे आहे.

कलम ५ मध्ये लिहिल्याप्रमाणे भिंत पाहण्यास कोणास पाठविण्याची आता तसदी घेऊ नये. आज सकाळी धनुने ती शेणाने सारवून टाकली आहे.